जगाची ओळख : विषुववृत्तावरचे बर्फ

आफ्रिका म्हटले की डोळ्यांपुढे वाळवंट आणि रखरखीत ऊन येते. पण याच खंडात, विषुववृत्ताला लागूनच, डोक्यावर बर्फ घेतलेली एक पर्वतरांग उभी आहे. तिचे नाव रूवेन्झोरी. युगांडा आणि काँगो या देशांच्या सीमेवर ती सुमारे १२० किलोमीटर पसरली आहे. मार्गारिटा हे तिचे सर्वांत उंच शिखर ५,१०९ मीटर आहे.

किलीमांजारोसारखा हा ज्वालामुखी नव्हे. इथे जमिनीला मोठ्या भेगा पडल्या आणि त्यांच्यामधला खडकाचा प्रचंड तुकडा वर उचलला गेला. पाऊस मात्र अफाट. शिखरे बहुतेक वेळ ढगांतच दडलेली असतात.

पायथ्याशी घनदाट जंगल, वर बांबू, त्याच्या वर शेवाळाने मढलेली झाडे. आणखी वर माणसापेक्षाही उंच लोबेलिया वाढते. तिथे दिवसा उन्हाळा आणि रात्री हिवाळा! म्हणून रात्री ती आपली पाने मिटून आतला कोवळा कोंब थंडीपासून जपते. या जंगलांत हत्ती, चिंपांझी आणि तीन शिंगांचा सरडाही राहतो.

हा पर्वत स्टॅन्लीने १८८८ साली पाहिला, असे पुस्तकांत लिहिलेले असते. पण त्याच्या कितीतरी आधीपासून बाकोंझो लोक याच डोंगरउतारावर शेती करीत होते. १९०६ साली इटलीच्या एका सरदाराने ही शिखरे सर केली, तेव्हा ओझी वाहणाऱ्यांत बाकोंझो माणसे होती. नाव मात्र सरदाराचे झाले.

आता हे बर्फ संपत चालले आहे. १९०६ साली ते सुमारे साडेसहा चौरस किलोमीटर होते. २००३ साली एक चौरस किलोमीटरही उरले नव्हते. पृथ्वी तापते आहे, हे त्याचे मोठे कारण. इथल्या नद्यांना बहुतेक पाणी पाऊस आणि डोंगरावरच्या दलदलीच पुरवतात. म्हणून ती जंगले आणि दलदली टिकणे फार गरजेचे आहे. पण पाऊस बेफाम झाला तर? मे २०१३ मध्ये न्यामवांबा नदीला महापूर आला. कासेसे भागातील घरे वाहून गेली, किलेंबेचे रुग्णालयही पाण्यात सापडले.

कारखान्यांचा आणि मोटारींचा धूर बाकोंझो शेतकऱ्याने फारसा सोडलेला नाही. तरी बर्फ वितळते ते त्याच्याच डोक्यावरचे, आणि पूर येतो तो त्याच्याच दारात. हा हिशोब बरोबर आहे का, याचा विचार घरी सर्वांनी मिळून करा.