मेंबर झालास, मग साखर कुठाय?

नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस मँचेस्टर युनायटेडने आपल्या मेंबरांना कळवलं, की हंगामातल्या उरलेल्या घरच्या सामन्यांची तिकिटं आता ६६ पौंडांना. सरसकट. त्याआधी मोठ्या माणसाला ४० पौंडांपासून आणि पोराला २५ पौंडांपासून तिकीट मिळत होतं. मग आठ वर्षांचा नातू, ऐंशी वर्षांचा आजा आणि मधला कमावता बाप, तिघांनाही एकच भाव झाला. रुपयांत सात हजारांच्या पुढे, तेही माणशी, दीड तासाला. समता समता म्हणतात ती हीच. फुले-शाहूंच्या मुलखातल्या माणसाने तरी तिला नावं ठेवू नयेत.

ह्या समतेचे प्रवर्तक सर जिम रॅटक्लिफ. रसायनांच्या धंद्यात अब्जाधीश झालेले गृहस्थ. मुक्काम मोनॅको, जिथे आयकर नावाची पीडा रहिवाशांना छळत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी क्लबाचा चार आण्यांपेक्षा थोडा जास्त हिस्सा घेतला आणि फुटबॉलचा कारभार हाती घेतला. युनायटेडचं तिकीट फुलहॅमच्या तिकिटापेक्षा स्वस्त असावं हे त्यांच्या बुद्धीला पटेना. बरोबरच आहे. मग त्या हंगामात झालं काय? फुलहॅम अकरावा आला, युनायटेड पंधरावा. त्यांच्याच तर्काने जायचं तर मे महिन्यात मेंबरांना फरकाची रक्कम परत मिळायला हवी होती. मिळाली नाही. उलट पुढच्या हंगामाचा पास ५ टक्क्यांनी महागला.

काटकसर मात्र कडक हो. सुमारे अडीचशे लोकांना घरी पाठवलं. क्लबाच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर, कर्मचाऱ्यांना मिळणारं फुकट जेवण बंद केलं आणि त्याऐवजी फळं ठेवली. (फलाहाराचं पुण्य वेगळंच.) २०२४ च्या जुलैत प्रशिक्षक टेन हाग यांचा करार वाढवला आणि ऑक्टोबरात त्यांना काढलं. क्रीडा संचालक म्हणून डॅन ॲशवर्थना मोठा गाजावाजा करून जुलैत आणलं आणि डिसेंबरात निरोप दिला. ह्या येण्याजाण्याचा खर्च क्लबाच्याच हिशेबात सुमारे १४५ लाख पौंड. म्हणजे साहेबांनी माणूस निवडताना चूक केली की ती लाखो पौंडांची होते, आणि ती भरून काढायला आठ वर्षांच्या पोराच्या तिकिटावर ४१ पौंड जास्त लावायचे. शहाण्या वाचका, ह्याला व्यवस्थापनशास्त्र म्हणतात. ह्याच्या पदव्या मिळतात.

आता पलूसला बसून तुला काय त्याचं, असं कुणी विचारील. माझं बरंच काही आहे. एक तर माझा भाचा.

भाचा तिकडच्या एका बड्या क्लबाचा मेंबर आहे. क्लबाचं नाव लिहीत नाही, तो रविवारी जेवायला घरी येतो. दरसाल पैसे भरतो आणि दरसाल ते थोडे जास्त असतात. मागे एप्रिलमध्ये त्याचं पार्सल आलं. द्राक्षं उतरून गेलेली, पत्र्याखाली उभं राहवत नाही असं ऊन, आणि खोक्यातून निघाला काय, तर लोकरीचा मफलर. एक बिल्ला, एक कार्ड आणि मफलर. त्या रात्री सामना बघताना गड्याने तो गळ्यात घातला. वर पंखा पाचावर. आईने दारातून डोकावून विचारलं, "ह्याला ताप भरलाय काय रं?"

मी म्हटलं, "तू मेंबर झालास म्हणजे तुला तिकीट मिळतं?"

"नाही मामा. तिकिटाच्या सोडतीत नाव घालता येतं."

"म्हणजे पैसे भरून, नंबर लागला तर, पुन्हा पैसे भरायचे?"

"हो."

"वार्षिक सभेला मत?"

"नाही."

"अहवाल येतो छापील? नफा-तोटा?"

"मामा..."

"मग साखर तरी?"

"मामा, चेष्टा करू नका."

चेष्टा? अरे, पलूस तालुका हा सभासदांचा तालुका. इथे माणूस जन्मतो कुठेही, पण जगतो विकास सोसायटीत, दूध संस्थेत, पाणीपुरवठा संस्थेत, पतसंस्थेत आणि साखर कारखान्यात. इथल्या माणसाला सभासदत्व म्हणजे काय हे मँचेस्टरच्या साहेबाने शिकवायची गरज नाही. कारखान्याचा शेअर एकदा घ्यायचा, तो जन्मभराचा. मेलं तर वारसाच्या नावावर चढतो. मध्यंतरी शेअर दहा हजारांचा पंधरा हजार केला तर केवढा गदारोळ झाला! का वाढवला, कुणाला विचारून वाढवला, वाढीव पैसे बिलातून परस्पर का कापता? आणि त्या पैशाच्या बदल्यात सवलतीची साखर, एक मत आणि वर्षातून एकदा चेअरमनला तोंडावर बोलायचा हक्क. तो हक्क लहान समजू नका. सभेत पुढच्या रांगेतली ठरलेली मंडळी विषय वाचायच्या आधीच "मंजूर, मंजूर" ओरडत असतात, आणि मागून एखादा फाटक्या आवाजाचा म्हातारा उठून म्हणतो, "माईक द्या हिकडं." माईक बंद पडतो. तो नेहमी त्याच क्षणी बंद पडतो. म्हातारा बिनमाईकचा बोलतो. ते वाक्य संध्याकाळपर्यंत सगळ्या गावांत पोचतं.

ओल्ड ट्रॅफर्डच्या मेंबराला बंद पडायलासुद्धा माईक नाही.

गंमत पुढेच आहे. सभासदाला मान द्यायची ही रीत आपल्याकडे आली कुठून? ती मँचेस्टरच्याच शेजारून आली. रॉचडेल हे गाव ओल्ड ट्रॅफर्डपासून पंचवीस किलोमीटरच्या आत आहे. तिथे १८४४ साली २८ जणांनी, बरेचसे हातावर पोट असलेले विणकर, आठवड्याला दोन-दोन, तीन-तीन पेन्स साठवून दुकान काढलं. नियम साधे: एक सभासद, एक मत, आणि नफा वाटायचा तो खरेदीच्या प्रमाणात. म्हणजे जो नेमाने दुकानात येईल त्याच्या पदरात जास्त पडेल. हा विचार जगभर फिरला, गाडगीळ-विखे पाटलांच्या हातून प्रवरेला कारखाना होऊन उभा राहिला आणि कृष्णाकाठी आमच्या अंगवळणी पडला. आणि जिथून निघाला तिथल्या शेजारगावात आज नियम असा, की जो नेमाने येईल त्याची कातडी आधी सोलायची.

ह्याचं अर्थशास्त्र फार सोपं आहे. पंडित ह्याला मागणीची अलवचिकता म्हणतात. आम्ही म्हणतो, गडी अडकलाय. आमच्या भागात कारखान्याने बिल थकवलं, काटा मारला, तर शेतकरी म्हणतो, ऊस दुसरीकडे घालतो. घालतोही. चेअरमनची झोप त्यानेच उडते. पण ज्याच्या बापाने आणि आज्याने एकाच क्लबासाठी पावसात उभं राहून घसा फोडला, तो "परवडत नाही, पुढच्या शनिवारपासून मँचेस्टर सिटीला घालतो" असं म्हणेल का? मेला तरी म्हणणार नाही. हे क्लबाच्या हिशेबनिसाला त्याच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. निष्ठा हा गुण नव्हे, ती वसुलीची हमी आहे, हे ज्याने प्रथम ओळखलं त्याला खरं तर अर्थशास्त्राचं नोबेल द्यायला हवं होतं. त्याला क्लब दिला.

बरं, क्लबाला ह्या पैशाची निकड तरी आहे का? प्रीमियर लीगने इंग्लंडातल्या प्रक्षेपणाचे हक्क २०२५ पासूनच्या चार हंगामांसाठी ६७० कोटी पौंडांना विकले. युनायटेडचं २०२३-२४ चं उत्पन्न सुमारे ६६ कोटी पौंड. त्यातले सामन्यांच्या दिवशीचे जेमतेम १४ कोटी, आणि त्यात साहेबलोकांच्या काचेच्या खोल्यांचे पैसेही धरलेले. तरी वर्षाचा तोटा ११ कोटींवर. इतकं मिळवून तोटा कसा काढावा, हे शिकायला आमच्याकडचे काही संचालक अभ्यासदौऱ्यावर जायला तयार होतील. त्यात २००५ सालची मालक ग्लेझर मंडळींची करामत आहेच: क्लब विकत घ्यायला कर्ज काढलं आणि ते कर्ज क्लबाच्याच डोक्यावर ठेवलं. पाटलाची पोरगी करायची, लग्नाचा खर्च पाटलाकडून, आणि वर पाटलालाच घरभाडं. वीस वर्षं व्याज भरतोय कोण? बिल्लेवाला मेंबर.

ते बघून काही युनायटेडवाले उठले आणि त्याच वर्षी त्यांनी स्वतःचा क्लब काढला, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर. एक सभासद, एक मत. रॉचडेलची आठवण कुणाला तरी राहिली होती म्हणायची. खालच्या पायरीवरच्या लीगमध्ये खेळतात, पण २०१५ मध्ये स्वतःचं मैदान उभं केलं. टीव्हीवर दिसत नाहीत. कशाला दिसतील?

"अहो, पण मोठा क्लब असा चालत नाही," म्हणणारे लगेच येतात. त्यांनी जर्मनीला जावं. तिथे नियमच आहे, क्लबात निम्म्याहून एक मत जास्त सभासदांच्या हाती राहिलं पाहिजे. बायर्न म्युनिकचे चार लाखांहून जास्त सभासद आहेत आणि उभ्याने सामने बघायचा हंगामाचा सर्वांत स्वस्त पास दोनशे युरोंच्या आत. संपूर्ण हंगामाचा! एवढं करून ते भिकेला लागलेत म्हणावं तर विजेतेपदं ठेवायला जागा नाही. नोव्हेंबर २०२१ ची त्यांची वार्षिक सभा तर आमच्या माणसाने बघण्यासारखी. कतारच्या पैशावरून सभासद खवळले, रात्री उशिरापर्यंत बोंबाबोंब चालली, शेवटी मंचावरच्यांनी सभा गुंडाळली आणि खालून हुर्यो उठली. दोन वर्षांच्या आत कतारशी असलेला प्रायोजकत्वाचा करार संपला, तो पुढे चालू राहिला नाही. मंचाच्या मागचा कापडी फलक तेवढा बदला, म्हणजे सप्टेंबरातली आपलीच सभा.

तरी लबाडी तिथेही पोचलीच. लाइपझिगमध्ये २००९ साली एका शीतपेयाच्या कंपनीने क्लब काढला. सभासदांचं बहुमत हवं ना? घ्या. फक्त वर्गणी ठेवली वर्षाला ८०० युरो आणि कुणाला घ्यायचं ते आम्ही ठरवणार. मतदार सभासद झाले किती? सुरुवातीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कायदा पाळला, लोकशाही वाचली, माणसं बाहेर. आपल्याकडचे चेअरमन हे वाचून हळहळतील. त्यांना सभासद नोंदणी बंद ठेवणं, मयत सभासदांची नावं यादीत जपणं आणि निवडणुकीला त्यांना हजर करणं एवढा खटाटोप करावा लागतो. लाइपझिगवाल्यांनी तेच काम नुसत्या दरपत्रकावर भागवलं. वर्गणी वाढवण्यात पैशाची हाव असते हे खरं, पण कधीकधी उद्देश त्याहून स्वच्छ असतो: ज्याला विचारायचा हक्क आहे त्याला दारातच ठेवायचं.

आपल्याकडच्या फ्रँचायझ्यांनी तर निष्ठेचा प्रश्न मुळातूनच सोडवला. एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये निघाला, पोरांनी नारिंगी शर्ट घातले, बालेवाडीला ढोल बडवले, आणि २०१९ मध्ये क्लबच बंद. त्याची जागा हैदराबादने घेतली. दरवाढीची कटकटच नको.

कोल्हापुरात बरं आहे. तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ ह्यांची मेंबरशिप कार्डावर नसते, ती पेठेबरोबर येते. परदेशी खेळाडू आले, खर्च वाढला, बक्षिसांवर पुढाऱ्यांचे फोटो मोठे झाले, हे सगळं खरं. पण शाहू स्टेडियमवर तालमीने माती खाल्ली तर त्याच संध्याकाळी चौकात अध्यक्षाला चहा गोड लागत नाही. मोनॅकोला चौक नाही.

ह्या सगळ्यात माझी खरी करमणूक होते ती क्लबमालकांच्या भूमिकेने. पैसे घेताना हे उद्योजक. बाजारभाव, मागणी-पुरवठा, स्पर्धात्मकता. हिशेब मागितला की लगेच कुटुंबप्रमुख. आपण सगळे एक परिवार, तुम्ही आमचा बारावा खेळाडू. बारावा खेळाडू म्हणता, तर अकरांना आठवड्याला लाखांनी पगार आणि बाराव्याकडून ६६ पौंड कसे काय? कोविडच्या काळात मैदानं ओस पडली तेव्हा टीव्हीवर गर्दीचा टेपवरचा आवाज लावायची वेळ आली. तेव्हा प्रेक्षकांच्या आठवणीने ह्यांचे डोळे पाणावले होते. ते पुसून होईपर्यंत, एप्रिल २०२१ मध्ये, मैदानं अजून रिकामीच असताना, १२ क्लबांनी परस्पर स्वतःची वेगळी सुपर लीग जाहीर केली. परिवाराला कळवायचं राहून गेलं. दोन दिवसांत त्यातले सहाही इंग्लिश क्लब शेपूट घालून परत आले, कारण परिवार रस्त्यावर उतरला होता.

म्हणजे उतरलं की होतं. ह्याचा उत्तम दाखला लिव्हरपूलचा. २०१६ मध्ये नव्या स्टँडमधलं सर्वांत महाग तिकीट ७७ पौंड करायचं ठरलं. ६ फेब्रुवारीला सुंदरलँडशी सामना होता. ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार माणसं उठली आणि चालती झाली. लिव्हरपूल तेव्हा २-० ने पुढे होतं. उरलेल्या वेळात सुंदरलँडने दोन गोल ठोकले आणि सामना बरोबरीत सुटला. आठवड्याच्या आत मालकांनी माफी मागितली, ७७ चा बेत मागे घेतला आणि ५९ वर दर दोन हंगाम गोठवला.

भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "भारी आयडिया आहे मामा." आहेच. पण तिच्यात एक खोट आहे, आणि मालकांच्या हिशेबनिसांनी ती हेरली असणार. ६६ चा दर असला तर ६६ व्या मिनिटाला उठता येतं, ७७ चा असला तर ७७ व्या. सामना मात्र नव्वद मिनिटांचा. एकदा का दर शंभरावर नेला, की निषेध करायला उठायच्या आत पंचांनीच शिट्टी वाजवलेली असेल, आणि कॅमेऱ्यात दिसेल काय, तर दहा हजार समाधानी मेंबर शिस्तीत घरी निघालेत.