कसलं डोंबलाचं स्पिरिट!

११ जुलै जवळ आला की फोनवर तोच संदेश फिरायला लागतो. २००६ साली लोकलमध्ये बॉम्ब फुटले, तरी दुसऱ्या दिवशी मुंबईकर गाडीत हजर! सलाम त्या मुंबई स्पिरिटला! आपल्या घरच्या ग्रुपवरही तो येतोच. पाठवणाऱ्यांनी राग मानू नये, पण मला त्या संदेशाची चीड येते.

त्या संध्याकाळी अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांत, पहिल्या वर्गाच्या डब्यांत स्फोट झाले. माटुंग्यापासून थेट आमच्या मीरारोड-भाईंदरपर्यंत. १८० हून जास्त माणसे गेली, ७०० हून जास्त जखमी झाली. दुसऱ्या दिवशी लोक गाडीत चढले हे खरे. पण का चढले? खाडा झाला तर पगार कापतात म्हणून. भाईंदरहून चर्चगेटला रोज टॅक्सीने जाणे परवडत नाही म्हणून. मराठीत याला नाइलाज म्हणतात. नाइलाजाला शौर्य म्हटले की सरकार सुटते, साहेब सुटतो आणि आपणही सुटतो.

आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ त्या दिवशी शेजारच्या डब्यात होते. अंगाला खरचटलेसुद्धा नाही. सगळे म्हणाले, नशीबवान! पण पुढे कित्येक वर्षे ते रात्री दचकून उठत. रॅकवर बेवारस पिशवी दिसली की पुढच्याच स्टेशनावर उतरत. दिवाळीत दारे-खिडक्या लावून बसत. घरचे म्हणत, "किती दिवस तेच धरून बसणार?" अहो, त्यांनी कुठे धरले होते? त्यानेच त्यांना धरले होते!

या आजाराला पीटीएसडी म्हणतात. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी १९८० साली तो आपल्या अधिकृत यादीत घेतला. नको असताना तेच दृश्य डोळ्यांपुढे येणे, त्या जागा आणि ते विषय टाळणे, मन बधिर होणे किंवा स्वतःलाच दोष देणे, आणि सतत सावध, चिडचिडे राहणे, ही त्याची लक्षणे. आघातानंतर थोडे दिवस असे अनेकांना होते आणि बहुतेकजण आपोआप सावरतात. महिना उलटूनही त्रास हटत नसेल, रोजचे जगणे अडत असेल, तर मात्र डॉक्टर गाठावा.

कोणी म्हणेल, आमच्या आजी-आजोबांनी काय कमी सोसले? ते गेले होते का डॉक्टरकडे? नव्हते गेले. पण घरात मृत्यू झाला की दहा दिवस सुतक पाळायचे, शेजारपाजारचे येऊन बसायचे. दुःखाला निदान दहा दिवस तरी मिळत. या शहराने एक रात्र दिली आणि वर शाबासकी!

दुसरा आवडता सल्ला, "विसरून जा." शाळेत जन्मभर मी मुलांना "पाठ करा" म्हणत आले. नुसते सांगून पाठ होत नाही, मग सांगून विसरता कसे येईल? उलट टाळत राहिले की भीती मुरते. प्रशिक्षित माणसाच्या मदतीने थोडे थोडे करून त्या आठवणीला सामोरे जाणे, हा उपचार आहे. ईएमडीआर नावाची पद्धत आहे, गरज पडल्यास औषधेही आहेत. मात्र झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, दारूचा आधार तर नकोच. आणि घरच्यांनी खोदून खोदून विचारू नये. तो बोलेल तेव्हा ऐकावे, उपदेश गिळावा.

सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही संस्था १९९० पासून काम करते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मनाचे आजार शरीराच्या आजारांसारखेच धरायला सांगितले आहे. म्हणजे कायद्याला कळले, आपल्याला कळायचे आहे!

न्यायालयाचेही पाहा. २०१५ साली बाराजण दोषी ठरले, जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरवले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. दर बातमीबरोबर त्या डब्यातल्या माणसांची ती संध्याकाळ पुन्हा उकरली जाते. त्यांची विचारपूस कोण करते?

माझी मागणी साधी आहे. असा प्रसंग घडला की फक्त मृतांची आणि जखमींची यादी करून थांबू नका. जे "सुखरूप" घरी गेले, त्यांचीही नावे लिहून घ्या आणि महिन्याने प्रत्येकाला एक फोन करा. "झोप लागते का?" एवढेच विचारा. रेल्वे, महापालिका करतील तेव्हा करतील. आपल्या जिन्यातल्या माणसाला हे विचारायला आपल्याला कोणाची परवानगी लागते?