निकालाआधी पट वाचा
(द्वितीय वर्ष, कला)

"जिल्हा परिषदेच्या शाळेत आता राहिलंय काय?" हा प्रश्न आज पारावर, एस. टी. स्टँडवर, लग्नाच्या मांडवात, कोठेही ऐकू येतो. विचारणाऱ्याला उत्तर नको असते. ते त्याने आधीच ठरवलेले असते. मग तो इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बसकडे बोट दाखवून म्हणतो, "त्यांचा निकाल बघा आणि यांचा बघा!" या मंडळींना मला एवढेच सांगावेसे वाटते, की निकाल जरूर बघा, पण त्याआधी पट वाचा. त्या शाळेत बसते कोण, हे न पाहता तिची परीक्षा घेणे हा न्याय नव्हे.

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे तालुके. दोहोंच्या मध्ये भीमा वाहते. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे आला. त्या काळी बहुतेक गावांना शाळा एकच. पाटलाचा मुलगा आणि सालगड्याचा मुलगा एकाच घंटेला एकाच शाळेत जात. सगळेच जात असे मात्र नव्हे. माझी आजी गेली नाही, आई दुसरीपर्यंत गेली. पण जे जात ते एकाच शाळेत जात आणि म्हणून त्या शाळेकडे सगळ्या गावाचे लक्ष असे. कौल फुटला तर पाटलाच्याही मुलाच्या डोक्यावर पाणी गळत होते!

आज काय दिसते? कालव्याचे पाणी आले, ऊस आला, साखर कारखाने आले. रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर, कुरकुंभ या भागांत कंपन्या उभ्या राहिल्या. हातात पैसा खेळू लागला, तसे बागायतदार, नोकरदार, दुकानदार यांची मुले पिवळ्या बसमध्ये बसली. त्यांच्या रिकाम्या जागेवर नवी मुले आली. दिवाळीच्या आगेमागे बीड, पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'एक कोयता' म्हणतात. त्या कोयत्यामागे दोन-तीन मुले असतात. ती कोपीत राहतात, धाकट्या भावंडांना सांभाळतात आणि हंगाम संपला की परत जातात. केडगाव-यवत पट्ट्यातल्या गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातली कुटुंबे आहेत. वीटभट्ट्यांवर आणखी कुठली कुठली. कंपन्यांच्या आसपासच्या चाळींत बिहार, मराठवाडा, विदर्भ एकाच भिंतीला टेकून राहतात. म्हणजे एकाच वर्गात घरी भोजपुरी बोलणारा, लमाणी बोलणारी, पारधी बोली बोलणारा आणि आमच्यासारखी इथली, अशी मुले बसतात. गुरुजी फळ्यावर लिहितात ती प्रमाण मराठी यांतल्या एकाच्याही घरची नसते.

या पटात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ती बोलायला आपल्याला संकोच वाटतो, म्हणून मीच बोलते. कितीतरी घरांत मुलगा पिवळ्या बसने जातो आणि मुलगी पायी जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. आमच्याही घरात असेच आहे. माझ्या धाकट्या भावाची फी भरण्यासाठी आईने बचत गटातून कर्ज काढले. माझ्यासाठी तशी वेळ आली नाही, कारण माझ्या शाळेला फीच नव्हती. मी आईला दोष देत नाही. एकाच मुलाला पुरेल एवढा पैसा असला की तो कुणाच्या वाट्याला जायचा, हे आपल्या समाजाने आईच्या जन्माआधीच ठरवून ठेवले आहे. पण यातून एक प्रश्न उरतो. ही शाळा बंद पडली, तर उद्या माझ्यासारखीला घरातले कुठे घालतील? माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. ती पायरी मी याच शाळेच्या पायरीवरून चढले.

आता निकालाकडे येऊ. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीप्रमाणे देशातल्या सरकारी शाळांत तिसरीतल्या १०० पैकी साधारण २३ मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता आला. २०२२ मध्ये हा आकडा सोळाच्या आसपास होता, म्हणजे करोनाच्या खड्ड्यातून शाळा वर येत आहेत. तरीही तेवीस म्हणजे फार थोडे, हे मी नाकारत नाही. पण एक साधा विचार करा. एक मूल जूनमध्ये शाळेत येते, घरी अभ्यास घ्यायला शिकलेली आई आहे, संध्याकाळी शिकवणी आहे. दुसरे मूल नोव्हेंबरात येते, मार्चमध्ये जाते, मधल्या काळात वाढे गोळा करायला चार दिवस गैरहजर राहते. दोघांना एकच प्रश्नपत्रिका देऊन आपण म्हणतो, पहिली शाळा चांगली, दुसरी वाईट! अहो, पहिल्या शाळेने मूल दहा पावले नेले की घराने नेले, हे कुणी मोजले? आणि दुसरीने पाच महिन्यांत ज्या मुलाला अक्षरओळख करून दिली, त्याचे गुण कोणत्या रकान्यात लिहिणार?

शिवाय हे चक्र फिरत राहते. कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. पट कमी झाला की शिक्षक कमी होतात. दोन शिक्षकांनी पाच वर्ग सांभाळायचे, वर मतदार याद्या, माहितीचे तक्ते आणि खिचडीचा हिशेब. एक गुरुजी बैठकीला गेले की उरलेल्या एकाच्या अंगावर सगळी शाळा. मग राहिलेले पालकही मूल काढून घेतात आणि पट आणखी घसरतो. २०२३ मध्ये शासनाने लहान शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार पुढे आणला. पानशेतचे उदाहरण त्यासाठी दिले गेले. मोठ्या शाळेत सोयी जास्त असतील, हे खरे. पण वस्तीवरच्या सात वर्षांच्या मुलीला गाडीत बसवून दूर धाडायला तिचा बाप तयार होईल का? गाडी एक दिवस आली नाही की शाळा बुडाली, आणि दहा दिवस बुडाली की सुटली.

कुणी म्हणेल, मग वाबळेवाडीचे काय? योग्य प्रश्न आहे. शिरूर तालुक्यातलीच ही जिल्हा परिषदेची शाळा. २०१२ च्या सुमारास दोन खोल्या आणि तीस-बत्तीस मुले एवढाच तिचा संसार. मुख्याध्यापक दत्तात्रय वारे, त्यांचे सहकारी आणि गावकरी यांनी मनावर घेतले. बाहेरून मदत मिळाली, काचेच्या भिंतींच्या वर्गखोल्या उभ्या राहिल्या, मुलेच मुलांना शिकवू लागली. पट काही शेकड्यांवर गेला आणि प्रवेशासाठी रांग लागली. पुढे वारे गुरुजी खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेत गेले. त्या शाळेला २०२५ मध्ये जगातील सर्वोत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. यावरून सरकारी शाळा मुळातच नासकी असते, हा समज खोटा ठरतो. आणि गाव शाळेत परतले की शाळा उभी राहते, हेही दिसते. पण रांगेत उभा राहतो तो धावपळ करू शकणारा पालक. कोयत्यावरच्या बापाला त्या रांगेचा पत्ताही नसतो. म्हणून एका वाबळेवाडीवर समाधान मानून चालणार नाही.

पट अवघड आहे, ही सबब म्हणूनही कुणी वापरू नये. "ही मुले अशीच" म्हणून हात झटकणारे गुरुजी मी पाहिले आहेत आणि कोप्यांवर जाऊन मुलांना हाताला धरून आणणाऱ्या बाईही पाहिल्या आहेत. पट दोघांचा एकच होता.

करता येण्यासारखे बरेच आहे. दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. कारखान्याचा मुकादम किती कोयते आले हे पहिल्याच दिवशी मोजतो. मग त्याच दिवशी मुले मोजायला काय हरकत आहे? शाळेचे मूल्यमापन करताना मूल आले तेव्हा कुठे होते आणि गेले तेव्हा कुठे पोचले, हे बघावे. पट घसरल्याबरोबर शिक्षक काढू नये. आणि ज्यांची मुले खाजगी शाळेत आहेत, त्यांनीही शाळा व्यवस्थापन समितीची निवड होते तेव्हा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीइतकी नसली, तरी थोडी तरी चौकशी करावी.

१८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे हेच मांडले होते, की महसूल भरतो रयत आणि शिक्षण मिळते वरच्या वर्गांना. आज शाळेची इमारत गावोगाव आहे, पण तिच्यात आता ज्यांचा आवाज कुणी ऐकत नाही त्यांचीच मुले उरली आहेत. म्हणूनच तिचे कौल फुटले तरी कुणाला कळत नाही.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळजण उद्या डी. एड., बी. एड. करतील, कुणी ग्रामसेवक होईल, कुणी सरपंच. तुमच्यासमोर शाळेचा कागद येईल, तेव्हा शेवटच्या रकान्यातल्या टक्केवारीवर थांबू नका. डावीकडची नावे वाचा. तिथे तुमच्याच बहिणीचे नाव असू शकेल.