पोहताना दम का लागतो?

पोहायला आम्ही शिकलो ते वयाच्या चाळिशीनंतर. आजोबांना गावच्या विहिरीत उतरायची बंदी होती, वडील शहरात येऊन पाळीच्या कामाला जुंपले गेले. पोहणे घरात आलेच नाही. मुलाला नगरपालिकेच्या तरण तलावावर घातले तेव्हा बाकावर बसून राहण्यापेक्षा आम्हीही पाण्यात उतरलो.

फ्री स्टाईलचे हात जमले. परंतु २५ मीटरची एक फेरी झाली की कठडा धरून धापा टाकायच्या. शेजारून साठीच्या एक बाई सावकाश दहा फेऱ्या मारीत. आम्हाला वाटे, आपल्यात ताकदच कमी. घरी जोर-बैठका वाढवल्या, फरक शून्य!

चूक श्वासात होती. तोंड पाण्यात असताना आम्ही श्वास कोंडून धरीत होतो आणि मान वळली की त्या क्षणभरात सोडणे-घेणे दोन्ही उरकू पाहत होतो. त्यामुळे आतला कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि जीव घाबरा होतो तो मुख्यतः त्यानेच. तोंड पाण्यात गेले की सतत बुडबुडे सोडावेत. मान वळली की फक्त आत घ्यावे. आठवडाभर आम्ही उथळ पाण्यात कठडा धरून एवढेच केले. पोरे हसली. हसू द्यावे.

मग डोके. समोर पाहिले की कंबर आणि पाय खाली जातात, तिरके झालेले अंग पाणी अडवते. आणि पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट! नजर तळाकडे ठेवावी. श्वासासाठी डोके उचलू नये, अंगासकट कुशीवर वळावे. एक डोळा पाण्यातच राहिला पाहिजे.

पाय गुडघ्यातून आपटू नयेत. मांडीचे मोठे स्नायू प्राणवायू फार खातात. लांब पल्ल्याचे अनेक जलतरणपटू दोन हातांमागे दोनदाच पाय मारतात. पाय कमरेपासून हलवावा, घोटा सैल. हात पुढे लांबवावा, मग कोपर वर ठेवून पाणी मागे ढकलावे. एका फेरीला किती हात पडतात ते मोजावे. आमचे ३२ पडत, आता २४.

रक्तदाब वा हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच उतरावे. पुष्कळ तलावांवर महिलांची वेगळी वेळ असते, भगिनींनी चौकशी करावी.

गेल्या रविवारी आम्ही न थांबता आठ फेऱ्या मारल्या. मुलगा कठड्यावर बसून मोजत होता. तो सातच धरतो. एकदा तळाला पाय टेकला म्हणतो.