घासताना थांबायचं कुठे?



अब्बांच्या इंतकालानंतर दीड वर्ष त्यांची लाल मारुती 800 दाराशी नुसती उभी होती. 1998 ची गाडी. सोलापूरचं ऊन खाऊन टपाचा आणि बॉनेटचा रंग खडूसारखा झालेला. हात फिरवला तर बोटांना गुलाबी भुकटी लागायची. शेवटी अम्मी म्हणाली, "सडत ठेवण्यापेक्षा कुणाच्या तरी कामी येऊ दे." विकायचं ठरलं. आधी थोडी चमकवली तर चार पैसे जास्त येतील, असा हिशेब मी केला. उन्हाळ्याची सुट्टी होती. मशीन आणून आपणच पॉलिश करू म्हटलं.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर झाला. मला वाटायचं, पॉलिश म्हणजे रंगावर काहीतरी चढवणं. प्रत्यक्षात ते उतरवणं असतं. पॉलिशमधली बारीक पूड रंगाचा वरचा खराब पापुद्रा खरवडते आणि खालचा ताजा रंग वर येतो. हा साठा फार नसतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवरचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा सातवा-दहावा हिस्सा. जितकं घासाल तितकं कमी होणार, आणि गेलेलं परत येत नाही.

गाडी धुऊन टॉर्च मारला तर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसले. ते अब्बांच्याच हातचे होते. रोज सकाळी ते कोरड्या फडक्याने गाडी पुसायचे. धूळ फडक्याखाली रगडली जायची आणि वर्षानुवर्षं तिचे ओरखडे उठत गेले. किती जिव्हाळ्याने पुसायचे ते!

मशीन घेताना रोटरी घेऊ नका. ते एकाच जागी गरगरतं, रंग तापवतं आणि नवख्याच्या हातून पटकन जाळतं. ड्युअल अॅक्शन पॉलिशर फिरता फिरता हलतंही. जास्त दाबलं तर त्याचं फिरणं मंदावतं. शिकणाऱ्यासाठी तेच बरं. सोबत पाच-सहा इंची फोमचे दोन-तीन पॅड, मऊ पॉलिश, थोडं कडक कंपाउंड, मायक्रोफायबरची फडकी आणि मास्किंग टेप. नाका-तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, आणि वायर खांद्यावरून मागे सोडलेली.

आधी एका कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यावर पॉलिश घेऊन घासून पाहिलं. फडकं लाल झालं. म्हणजे या रंगावर पारदर्शक क्लिअरकोट नव्हता, थेट रंगच घासला जात होता. क्लिअरकोट असता तर फडक्यावर रंग आला नसता. पण क्लिअरकोटचे पापुद्रे सुटत असतील, तर तिथे पॉलिशचा उपयोग नाही. ज्या ओरखड्यात नख अडकतं, तोही घासून काढायच्या फंदात पडू नये.

फजरनंतर पत्रा थंड असताना काम सुरू करायचो, ऊन अंगणात आलं की बंद. धुऊन झाल्यावर क्ले बारने चिकटलेली घाण काढली. रबर, प्लास्टिक आणि प्रत्येक कडेवर टेप लावली, कारण कडांवर रंग सगळ्यात पातळ असतो. मग दीड-दोन फुटांचा एकच चौकोन. पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब, कमी वेगावर पसरवायचे, मग वेग वाढवून हात सावकाश चालवायचा. आधी आडव्या, मग उभ्या फेऱ्या. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढलेली. पुसायचं, पाहायचं. आधी मऊ पॉलिश. त्याने भागलं तर कंपाउंडला हात लावायचा नाही. पॅड रंगाने भरतो, तो वरचेवर साफ करायचा. शेवटी मेण.

पहिल्या दिवशी टप असा उजळला की अम्मी ओढणी सावरत बाहेर येऊन बघत राहिली. दुसऱ्या दिवशी मला जोर चढला. बॉनेटच्या उंचवट्यावरची टेप निघाली होती. परत लावायचा कंटाळा केला. एक डाग जात नव्हता म्हणून कंपाउंड घेऊन दाबून धरलं. क्षणभरात बोटभर लांबीचा राखाडी प्रायमर उघडा पडला.

मुलगा म्हणाला, "अब्बू, लाल टच-अप लावून वर मेण मारू. संध्याकाळी दाखवली तर कुणाला कळणार नाही." खरं सांगतो, दोन मिनिटं मलाही ते पटलं.

मग धान्याच्या ढिगाची गोष्ट आठवली, जी मीच पोरांना सांगत आलो आहे. प्रेषित हजरत मुहंमद (स.) बाजारात एका ढिगात हात घालतात, आत धान्य ओलं लागतं. विक्रेता म्हणतो, पाऊस पडला होता. त्यावर प्रेषित (स.) विचारतात की, मग ओलं धान्य वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं? त्या विक्रेत्याने पाऊस पाडला नव्हता. ओल झाली हा त्याचा गुन्हा नव्हता, ती खाली दडवणं हा होता.

आम्ही टच-अप लावला, पण पत्र्याला गंज चढू नये म्हणून. ग्राहकाला सकाळी उजेडात बोलावलं. शिवणकाम करणारे एक गृहस्थ होते, त्यांची पहिलीच गाडी. मी त्यांचं बोट धरून त्या जागेवर ठेवलं आणि माझ्या हातून काय झालं ते सांगितलं. हेही सांगितलं की टपाचा रंग आता पातळ झालाय, पुन्हा जोरात घासायचा नाही. त्यांनी दोन हजार कमी केले. मशीनचा खर्च धरला तर माझा हिशेब तोट्यातच गेला.

गाडी गल्लीच्या तोंडाशी पोहोचली, तेव्हा मुलगा धावत मागे गेला. मला वाटलं, काहीतरी आत राहिलं असेल. त्याने काचेवर टकटक करून सांगितलं, "चाचा, सकाळी कोरड्या फडक्याने पुसू नका हं. आधी पाणी मारा."