जुलाब दातांचे नव्हेत!

“दात येताहेत, जुलाब व्हायचेच!” घरोघरी ऐकू येणारे हे वाक्य आमच्या मते बाळाच्या जिवावर उठणारे आहे. साधारण सहाव्या महिन्यापासून खालचे पुढचे दोन दात डोकावू लागतात. लाळ गळते, हिरडी सुजते, बाळ किरकिरते, हाती येईल ते चावते. दात येण्याची लक्षणे एवढीच. पातळ जुलाब आणि १०१ ताप त्यात बसत नाहीत.

मग जुलाब नेमके याच वेळी का? कारण याच वयात वरचे अन्न सुरू होते, बाळ रांगू लागते आणि जमिनीवरचा खुळखुळा, प्रसंगी चप्पलसुद्धा तोंडात घालते. जंतू पोटात जातात ते असे. त्यात दुधाची बाटली असेल तर विचारूच नका!

जुलाबात अंगावरचे दूध तोडू नये. जलसंजीवनीची मोठी पुडी १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून चमच्याचमच्याने पाजावी. डॉक्टरांना विचारून झिंक १४ दिवस द्यावे. जुलाब थांबले तरी मध्येच सोडू नये. डोळे किंवा टाळू खोल गेली, लघवी कमी झाली, बाळ मलूल पडले, तर दाताची वाट न पाहता तडक दवाखाना गाठावा.