वेग दुप्पट, धडक चौपट

मुलामुलींनो, वेग दुप्पट झाला की धडकही दुप्पट, असेच आपण धरून चालतो. हॉलंडच्या ग्राव्हेसांडे यांनी १७२२ च्या सुमारास मऊ मातीवर पितळी गोळे टाकून पाहिले. वेग दुप्पट असेल, तर हलका गोळाही चौपट जड गोळ्याइतकाच खळगा पाडतो, असे दिसून आले. १७४० साली फ्रान्सच्या विदुषी एमिली द्यु शातले यांनी आपल्या ग्रंथात हाच विचार उचलून धरला. आज आपण तिला गतिज ऊर्जा म्हणतो. ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते.

म्हणून ताशी ३० ऐवजी ६० किलोमीटर वेग असला, तर ब्रेक लागल्यावर मोटारसायकल थांबायला चौपट अंतर घेते. रस्त्यात पोर आडवे आले, तर? घरातल्या दादाला हा हिशेब आजच करून दाखवा.